माफीत गाडी धरली होती का

गुरुवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी वाइतोआच्या फाट्यावर पावाच्या व्हॅनने वाओसाच्या पिकअपला डाव्या बाजूने धडक दिली. व्हॅन आतल्या रस्त्याने आली आणि फाट्यावर थांबली नाही. ती मिकाएले चालवत होता, वय तेवीस, शेजारच्या आसाउता गावचा. पिकअप वाओसा स्वतः चालवत होती. तिच्या डाव्या हाताला गावच्या चर्चचे पाळक एलिसाला बसले होते. कोणालाही इजा झाली नाही.

एवढे पोलिसांच्या कागदात आहे. कागदात नाही ते असे, की पाळकसाहेबांच्या मांडीवर ओताई या सरबताची बादली होती. महिला समितीच्या बैठकीसाठी पाळकीणबाईंनी पहाटे उठून कलिंगड किसले होते, त्यात थोडे नारळाचे दूध घातले होते. कलिंगड लालभडक निघाले होते. धडक बसली तशी बादली पाळकसाहेबांच्या अंगावर उलटली, आणि ते तर रोजच पांढरा सदरा घालतात आणि पांढरी लुंगी नेसतात. दोनच मिनिटांनी राजधानी आपियाला जाणारी बस फाट्यावरून गेली. बसमधल्यांना दिसले ते इतकेच: चेपलेला दरवाजा आणि त्याआड छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल झालेले पाळक, डोळे मिटलेले. ते प्रार्थना करत होते.

दुपारपर्यंत आसाउतात बातमी पोचली की पाळक अत्यवस्थ आहेत. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत ते वारले होते.

वाओसाला यातले काही माहीत नव्हते. तिच्यापुढे वेगळी अडचण होती. तिचा नवरा एतुआले याचे रक्त सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी आपियाच्या रुग्णालयात मशीनवर धुतात. त्याची पाळी सकाळी सहाची. वाइतोआहून आपिया सव्वा तासावर आहे आणि पहिली बसच सहाला सुटते. याच कारणासाठी वाओसाच्या ऑकलंडच्या बहिणीने पैसे पाठवून ती पिकअप घेऊन दिली होती. आता पिकअपचा डावा दरवाजा आत गेला होता, पुढचे चाक तिरके झाले होते आणि गाडी ट्रॅक्टरने ओढून अंगणात आणून ठेवावी लागली होती. गॅरेजवाल्याने सात हजार तीनशे तला सांगितले, त्यातले निम्मे आगाऊ.

पण त्या दिवशी तिला फार काळजी वाटली नाही. पोलिसांसमोर मिकाएलेने आपली चूक कबूल केली होती. बेकरीच्या व्हॅनचा विमा होता आणि त्यात दुसऱ्याच्या गाडीचे नुकसानही धरलेले होते. हवालदार म्हणाला, "ताई, त्यांच्या कंपनीत जा, फॉर्म भरा. चूक त्यांची, पैसे त्यांचे. दोन आठवड्यांत होईल."

शुक्रवारी पहाटे साडेचारला शंभर तला देऊन सांगितलेली टॅक्सी आली आणि नवरा-बायको आपियाला गेले. त्यामुळे पाच वाजून दहा मिनिटांनी गावात जे झाले ते वाओसाने पाहिले नाही.

दुपारी ती परतली तेव्हा स्वयंपाकघरात केळीच्या पानावर डुकराचा मागचा एक पाय ठेवलेला होता. शेजारी माशांचे बारा डबे.

"हे कोणी आणलं?" तिने कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या पाळकीणबाईंना विचारले.

"तुझ्या मामांनी पाठवलं. तुझा वाटा."

"कसला वाटा?"

पाळकीणबाईंनी चिमटे तोंडातून काढले. "अगं, इफोगा झाली. आसाउताचे नऊ मताई आले होते, तो पोरगाही होता. उजाडायच्या आत येऊन आमच्या दारातल्या गवतावर बसले, डोक्यावर चटई घेऊन. ह्यांच्या मयताची माफी मागायला."

"पाळकसाहेबांच्या?"

"हे दात घासत बाहेर आले. चटईखालून एकाने वर पाहिलं आणि झटकन डोकं खाली घातलं. मी खिडकीत होते, मला ऐकू आलं. म्हणाला, जिवंत आहे. दुसरा म्हणाला, गप बस, आलोय तसे बसू."

न बसून करतात काय? इफोगाला आलेला माणूस आपण होऊन उठत नाही. ज्यांचा अपराध झाला त्यांनी येऊन त्याच्यावरची बारीक विणीची चटई उचलायची, मग त्याने उठायचे. चटई उचलली की ती उचलणाऱ्याची झाली आणि प्रकरण मिटले; आणि मिटलेले प्रकरण पुन्हा काढणे म्हणजे दोन्ही गावांच्या तोंडावर थुंकणे. पाळक हातात ब्रश घेऊन उभे राहिले. ते मताई, म्हणजे घराण्याचे प्रमुख, नाहीत; चटई उचलायचा अधिकार त्यांचा नाही. ज्यात माणूस मेलाच नव्हता अशा इफोगाचे काय करायचे, हे गावातल्या म्हाताऱ्यांनाही आठवेना. शेवटी वाओसाचे मामा मालोसेउ, जे तिच्या घराण्याचे मताई आहेत, पुढे झाले. गाडी त्यांच्या घराण्याची, म्हणून चटई त्यांनी उचलली. भाषणात ते म्हणाले, "जे काही झालं, ते सगळं आता समुद्रात गेलं." मग आसाउताच्या लोकांनी आणलेले डुक्कर कापून ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे वाटण्यात आले.

"बरं झालं की," वाओसा म्हणाली. तिने तो पाय उकडला. रविवारी पाळकांना जेवायला बोलावले. एतुआलेला मीठ चालत नाही, त्याने नुसता वास घेतला.

सोमवारी पहाटे टॅक्सीला फोन करायला ती उठली तर दारात पावाची व्हॅन उभी. मिकाएले टोपी हातात धरून बाजूला उभा होता.

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही, काकू."

"मालकाला माहीत आहे?"

"व्हॅन तशीही रस्त्यावरच असते," मिकाएले म्हणाला. हे उत्तर नव्हते, पण साडेचार वाजून गेले होते. एतुआले मागे पावाच्या ट्रेच्या मधोमध स्टुलावर बसला. सहाला पाच कमी असताना ते रुग्णालयात होते.

बुधवारी एतुआलेला मशीनवर सोडून वाओसा विमा कंपनीच्या कार्यालयात गेली. चार तास हातात होते. खिडकीवर रोसेटा नावाची मुलगी होती, विशीतली, चष्मा लावलेली. तिने फॉर्म दिला. वाओसाने तो बाकावर बसून सावकाश भरला. चौदावा प्रश्न होता: या अपघाताबाबत दोन्ही पक्षांत समेट झाला आहे काय? पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. तिने 'हो'वर खूण केली. पंधरावा: समेटात काय स्वीकारले? तिने लिहिले, डुकराचा मागचा एक पाय, माशांचे बारा डबे.

रोसेटाने फॉर्म वरून खालपर्यंत वाचला.

"मावशी, पाय मागचा की पुढचा, हे लिहायची गरज नव्हती."

"मागचाच होता."

"मागचा म्हणजे मानाचा वाटा."

"तेच लिहिलंय ना मी. खोटं कशाला लिहू?"

रोसेटा काही तरी बोलणार होती. मागे रांगेत सहा माणसे होती. तिने शिक्का मारला.

पुढच्या मंगळवारी पत्र आले. दोन्ही पक्षांत समेट होऊन मोबदला स्वीकारला गेल्याचे अर्जदाराने स्वतः नमूद केले असल्याने दावा बंद करण्यात येत आहे. वाओसाने ते दोनदा वाचले, मग एतुआलेला वाचून दाखवले.

"म्हणजे सात हजार तीनशे तलाचा पाय खाल्ला आपण," एतुआले म्हणाला. "आपण म्हणजे तुम्ही. मी वास घेतला."

"पण मी काय चुकीचं लिहिलं?"

"काहीच नाही. तिथेच चुकलं."

ती पोलीस चौकीत गेली. हवालदाराने वही उघडून दाखवली. शुक्रवारी दुपारीच गावच्या पंचायतीकडून निरोप आला होता आणि त्याने नोंदीपुढे 'मिटले' असे लिहून रेघ ओढली होती. "मताईंनी मिटवलं की आम्ही कशाला उकरतो, ताई? तुमचे मामाच होते त्यात." चूक मिकाएलेची, हे वर लिहिलेले तसेच होते. खाली मिटलेही होते. दोन्ही एकाच पानावर.

त्याच दिवशी संध्याकाळी ती मामांकडे गेली. मालोसेउ ओट्यावर बसून मांडीवर काथ्याची दोरी वळत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, बोलताना हात थांबत नाहीत.

"मामा, त्या दिवशी चटई कशासाठी उचललीत?"

"नऊ माणसं दवात बसली होती. त्यातल्या एकाला संधिवात."

"तसं नव्हे. कुठल्या अपराधासाठी?"

"ते आले पाळक गेले म्हणून. पाळक दात घासत होते. आता तूच सांग, कुठल्या."

"गाडीसाठी?"

"गाडीसाठी इफोगा कोण करतं? दरवाजा चेपला म्हणून उद्या लोक चटया घेऊन फिरायला लागतील."

"मग गाडी त्यात नव्हती."

"मी म्हटलं, जे काही झालं ते सगळं. सगळं म्हणजे सगळं."

वाओसा ओट्याच्या पायरीवर बसली. तिला वाटत होते की आपण काही तरी साधे विचारतो आहोत आणि उत्तरही साधेच मिळते आहे, तरी दोन्हींची गाठ पडत नाही.

"माझ्या दरवाज्याला कोणी माफ केलं, मामा? मी तर आपियात होते."

"दरवाज्याला माफ करत नाहीत, वाओसा. माणसाला करतात."

"मग दरवाजा उरला की."

मामांचे हात पहिल्यांदाच थांबले.

"उरला," ते म्हणाले. "पण ते बोलायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. एतुआले मशीनवर, वाओसा पुन्हा खिडकीपाशी. यावेळी रोसेटाने तिला आत बसवून चहा दिला आणि साहेबांना विचारून आली.

"मावशी, एक वाट आहे. चटई ज्यांनी उचलली त्यांनी लिहून द्यायचं, की माफी पाळकसाहेबांच्या प्रकरणापुरती होती, गाडी त्यात धरलेली नव्हती. मग नवीन फॉर्म घेऊ. चौदाव्यात 'नाही' करायचं. पुढच्या शुक्रवारी चारच्या आत."

"आणि पाय?"

"पाय पाळकसाहेबांच्या खात्यात जाईल."

"पाळक तर मेलेच नव्हते."

"माहीत आहे," रोसेटा म्हणाली. "माझी आजी आसाउताची आहे. तिने दोन दिवस उपास धरला होता." मग तिने साहेबांनी पेन्सिलीने लिहिलेला कागद सरकवला. त्यावर आणखी दोन प्रश्न होते. इफोगात दिलेल्या चटईची किंमत किती? आणि अर्जदाराचा नवरा आठवड्यातून तीन दिवस विमाधारकाच्या व्हॅनने प्रवास करतो, असे कळते. हा समेटाचाच भाग आहे काय?

"हे कोणी सांगितलं तुमच्या साहेबांना?"

"साहेबांच्या मिसेस तिथेच नर्स आहेत. म्हणाल्या, पेशंटच्या कपड्यांना पावाचा वास येतो."

चटईची किंमत सांगता येण्यासारखी नव्हती. ती चटई मामांनी शनिवारीच दुसऱ्या गावच्या मयताला आहेर म्हणून नेऊन दिली होती, आणि तिथून ती कुठे गेली हे आता त्या मयताच्या घरच्यांनाच माहीत. व्हॅनचे काय, हे वाओसाने परतीच्या वाटेवर मिकाएलेलाच विचारले.

"हे तू समेट म्हणून करतोस का रे?"

मिकाएलेने गाडीचा वेग कमी केला. "समेट झालाय ना, काकू."

"झालाय म्हणून करतोस, की झाला नाही असं वाटतं म्हणून?"

फाट्यावर व्हॅन पूर्ण थांबवून त्याने डावीउजवीकडे बघितले. "आई म्हणाली, जात जा. मी जातो. ते कुठल्या चौकटीत बसतं, मला नाही सांगता येणार."

पाळकसाहेब लिहून द्यायला लगेच तयार झाले. त्यांनी चर्चच्या कागदावर लिहिलेही, की मला काही झाले नव्हते, मी कोणावर रागावलो नव्हतो, तरी जी काही क्षमा होती ती मी मनापासून केली. रोसेटाने फोनवर ते ऐकून घेतले आणि सांगितले की पत्र सुंदर आहे, पण त्यात गाडीचा उल्लेख नाही, आणि चटई त्यांनी उचललेली नाही.

बेकरीच्या मालकालाही वाओसा भेटली. ओटोशेठ म्हणजे वाईट माणूस नव्हे. त्याने तिला गरम पाव बांधून दिला.

"वाओसा, डुकराचे निम्मे पैसे मी दिलेत. चूक माझ्या ड्रायव्हरची, मला मान्य आहे. पण आता मी तुला पैसे दिले तर आसाउतात अर्थ काय होईल? की इफोगा पुरी पडली नाही. ते नऊ मताई माझ्याकडेच उधारीवर पाव घेतात."

"मी तुमच्याकडे नाही मागत. कंपनीकडे मागते."

"कंपनी मला विचारते, मिटलं का. मी काय सांगू? मिटलंय." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि ती पहाटेची फेरी. दुकानांना पाव आठला पोचतोय. लोक बिस्किटं खायला लागलेत. येत्या आठवड्यापर्यंत मी काही बोलत नाही. त्यापुढच्या सोमवारपासून व्हॅन आधी दुकानं करेल."

त्या रात्रीच्या जेवणाला वाओसाने सगळे पुन्हा एकदा एतुआलेपुढे मांडले. चूक कोणाची यावर कोणाचा वाद नाही. सगळे कबूल करतात. पैसे देऊ नयेत असेही कोणी म्हणत नाही. पोलीस म्हणतात कंपनीकडे जा, कंपनी म्हणते मामांकडे जा, मामा म्हणतात दरवाजा उरला आहे पण बोलू नकोस.

"मग अडलंय कुठे?" तिने विचारले.

"सगळे चांगले वागतायत, तिथे," एतुआले म्हणाला. "एखादा तरी हरामखोर पाहिजे होता."

ती हसली नाही. ती बोटांवर मोजत होती. टॅक्सीचे शंभर, आठवड्याला तीनदा. महिन्याभरात ऑकलंडच्या बहिणीला फोन करावा लागणार होता आणि सांगावे लागणार होते की गाडी आहे, अंगणात आहे, विमाही आहे, चूक दुसऱ्याची आहे, आणि तरीही पैसे पाठव. बहीण विचारेल, का. आणि मग सांगायचे काय?

रविवारी चर्चनंतर ती पुन्हा मामांकडे गेली. यावेळी तिने काही विचारले नाही. फक्त सांगितले: येत्या शुक्रवारी चारपर्यंत मुदत आहे आणि त्यापुढच्या सोमवारपासून व्हॅन येणार नाही.

"मी लिहिलं की गाडी सोडून बाकीचं माफ," मामा म्हणाले, "तर ते म्हणतील, मालोसेउने अर्धी चटई उचलली. उद्या आपल्या एखाद्या पोराच्या हातून काही झालं, तर आपण कुठल्या तोंडाने कुणाच्या दारात बसायचं?"

"आणि एतुआले?"

मामींनी आतून उकडलेला तारोचा कंद आणून ठेवला. तो कोणी खाल्ला नाही.

गुरुवारी मालोसेउ सहाच्या बसने आपियाला गेले. कोणाला सांगून गेले नाहीत. सव्वाबाराला रोसेटाचा वाओसाला फोन आला.

"मावशी, तुमचे मामा इथे आलेत. साडेआठपासून बाकावर बसलेत. बोलत नाहीत काही."

"पाणी दिलंस?"

"दिलं. प्यायले. साहेब दोनदा येऊन बघून गेले. साहेब पण मताई आहेत त्यांच्या गावचे. त्यांना सुचत नाहीये की आपण उभं राहायचं की बसायचं. मामा माफी मागायला आलेत का?"

"कशाची?"

"तेच साहेब मला विचारतायत."

वाओसा म्हणाली की तिला माहीत नाही, आणि तिला खरोखरच माहीत नव्हते.

दोन वाजता मालोसेउ उठून खिडकीपाशी आले. त्यांनी वाओसाचा जुना फॉर्म पाहायला मागितला. चष्मा लावून चौदावा प्रश्न वाचला, पंधरावा वाचला. दोन चौकटींखेरीज तिसरी असते का, असे विचारले. रोसेटा नाही म्हणाली. मग त्यांनी नवा कोरा फॉर्म मागून घेतला, घडी न घालता पंख्यासारखा हातात धरला आणि अडीचच्या बसने ते परत आले.

वाओसा बसथांब्यावर उभी होती. मामा उतरले, तिच्याकडे पाहून मान हलवली आणि घराकडे चालू लागले.

शुक्रवारी पहाटे साडेचारला व्हॅन आली आणि एतुआलेला घेऊन गेली. वाओसा बरोबर गेली नाही. ती मामांच्या ओट्यावर बसून आहे. सकाळचे दहा वाजले आहेत. कार्यालय चारला बंद होते आणि त्याआधी पोचवणारी शेवटची बस एकची आहे. फॉर्म मामांच्या पुढ्यात आहे. नाव, गाव, गाडीचा क्रमांक, अपघाताचा दिवस आणि वेळ त्यांनी स्वतःच्या हाताने भरली आहे. तेरापर्यंत उत्तरे झाली आहेत.